आषाढातले कोरडे डोंगर

विवराच्या आत माणसं उभी आहेत! आधी माझा विश्वासच बसेना. खालून गंधकाचा धूर भसाभसा वर येतोय, उतार असा की पाय सटकला तर थेट पृथ्वीच्या पोटात. आणि त्या उतारावर ही माणसं लांब काठ्यांना जाळी बांधून, माना वर करून उभी. कड्यावरून कोबीचे गड्डे येतायत, बटाटे येतायत, कांद्याच्या पातीच्या जुड्या, फुलं, नाणी, नोटा, आणि पंख फडफडवत चक्क जिवंत कोंबड्या! जाळीवाले हवेतल्या हवेत झेलतायत. जे सुटतं ते धुरात गडप. वाहणारा मागे वळूनही बघत नाही. त्यानं दिलं, त्याचं काम झालं. मग ते डोंगरानं घेतलं काय की खालच्या गरिबानं घेतलं काय.

हा जावा बेटाच्या पूर्वेचा ब्रोमो, उंची २,३२९ मीटर, अगदी जागा असलेला ज्वालामुखी. आणि हा तेंगेर लोकांचा यज्ञ कसादा, त्यांच्या चांद्र पंचांगातल्या कसादा महिन्याच्या पौर्णिमेचा. त्याच पौर्णिमेला आमच्याकडे वटपौर्णिमा होती. तिकडे बायका वडाला सूत गुंडाळून घरी परतल्या असतील, आणि इकडे त्याच चंद्राच्या उजेडात गावंच्या गावं ज्वालामुखीला भाजी वाहायला निघाली होती. खांद्यांवरून लुंग्या शालीसारख्या लपेटलेले पुरुष, पाठीला पोरं बांधलेल्या बाया, घोडी, मोटारसायकली. विवराच्या पायथ्याशी वाळूच्या मैदानात एक देऊळ आहे, पुरा लुहूर पोतेन. रात्रभर तिथे मंत्र चालू होते, आणि पहाट होता होता सगळी गर्दी कड्याच्या पायऱ्या चढायला लागली.

गोष्ट सांगतात ती अशी. रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याला मूल होईना. त्यांनी डोंगराच्या देवाला नवस केला की मुलं दे, पंचविसावं तुला परत करू. मुलं झाली, नवस फेडायची वेळ आली आणि आईबापाचं मन धजेना. तेव्हा विवर भडकलं आणि धाकट्या कसुमाला घेऊन गेलं. आतून त्याचा आवाज आला: दरवर्षी या दिवशी शेतातलं काही मला आणून द्या. तेव्हापासून तेंगेर लोक तो नवस फेडताहेत. फेडायचा राहिलेला नवस घरातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप कशी उडवतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, त्यामुळे ही गोष्ट मला एका झटक्यात कळली. आणि कड्याच्या अगदी ओठावर, फुलांत बुडालेला कोण बसलाय? गणपती! छोटासा, दगडी, गंधकाच्या वाफेत रात्रंदिवस बसलेला. माझे हात आपोआप जोडले गेले.

मला सगळ्यात जास्त थक्क करत होतं ते मात्र वरचं आकाश. ऐन जून महिना, आणि ढगाचं एक बोटसुद्धा नाही! मराठी माणसाच्या अंगात डोंगराचं एक पंचांग मुरलेलं असतं. मृग लागला की तंबू माळ्यावर जातात; पावसात नुसतं भिजायला राजमाची, लोहगड; खऱ्या चढाया दिवाळीनंतर, हवा स्वच्छ झाली की. इथे ते पंचांग कुणीतरी उलटं टांगलंय. विषुववृत्ताच्या खाली जेमतेम आठ अंशांवर असलेल्या या बेटांना मे ते ऑक्टोबर कोरडं हवामान, आणि नोव्हेंबर ते मार्च धो धो पाऊस. आपल्याकडे हुरडा पार्टीचे बेत चालू असतात, तेव्हा इथल्या डोंगरवाटांचे ओढे झालेले असतात, आणि ज्वालामुखीच्या अंगावरची सैल राख पाण्याबरोबर लाहार होऊन, चिखलाच्या पुरासारखी, दगडधोंडे घेऊन दऱ्यांतून खाली धावते. लोंबोक बेटावरच्या रिंजानीची वाट तर साधारण जानेवारी ते मार्च बंदच ठेवतात.

यामागचं कारण ऐकलं आणि मला वाऱ्याबद्दल नव्यानं आदर वाटू लागला. जूनमध्ये ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो. तिथून निघालेला कोरडा आग्नेय वारा या बेटांवरून वाहतो आणि आकाश झाडून ठेवतो. दक्षिण हिंदी महासागरावरही त्याच दिवसांत आग्नेयेचेच वारे वाहत असतात. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी विषुववृत्त ओलांडतात, वळतात, अरबी समुद्राचं पाणी पोटभर पितात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन सह्याद्रीवर येऊन आदळतात. म्हणजे महाबळेश्वरला छपरं गळत असतात आणि ब्रोमोवर तारे मोजता येत असतात, ते एकाच अफाट व्यवस्थेमुळे. आपल्या शाळेच्या भूगोलात हा वारा नेहमी आपल्या दिशेनं येताना दाखवलेला असतो. त्याच्या मागे जाऊन, तो निघतो तिकडचं आकाश बघायचं भाग्य मला या प्रवासात मिळालं.

विवरावरून खाली उतरले की वाळूचा समुद्र. सुमारे दहा किलोमीटर रुंदीचं एक प्राचीन, कोसळलेलं विवर, त्याच्या तळाशी करडी, काळपट वाळूच वाळू, आणि त्या मैदानातच ब्रोमो उगवलेला. शेजारी बातोक, नाळा पाडलेला, हिरवट, जणू कुणी चाकानं फिरवून केलेला. दोघांच्या मागे दक्षिणेला सेमेरू, ३,६७६ मीटर, जावातला सर्वांत उंच. तो एकदा फुंकर मारतो! करडा गोळा वर चढतो, फुगतो, वारा त्याला हळूहळू पश्चिमेला ओढून नेतो. थोड्या वेळानं पुन्हा. सह्याद्रीत आपण जन्मभर लाव्हारसावरूनच चालत असतो, पण तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीच्या भेगांतून पसरलेला, थरावर थर बसून थंडगार झालेला. आपल्या काळ्या कातळाचं तरुणपण कसं असेल, हे मला इथे तळपायाला कळत होतं.

जीपवाला तेंगेरच होता. वाळूची मूठ भरून त्यानं दाखवली. पाऊस नुकताच सरला असल्यानं ती अजून थोडी बसलेली होती. ऑगस्टमध्ये या, म्हणाला, नाक-तोंड बांधूनच यावं लागेल. वाळूच्या वावटळी उठतात, दहा पावलांवरचा घोडा दिसत नाही. जुलै-ऑगस्टच्या निरभ्र रात्री तर इथे हिम पडतं. बर्फ नव्हे, गवतावर गोठलेलं दव. गावकरी त्याला विषारी दव म्हणतात, कारण सकाळी बटाट्याचा पाला काळा पडलेला असतो. मध्य जावातल्या दिएंगच्या पठारावरही हेच. तिथे अर्जुन, भीम, घटोत्कच अशा नावांची हजार वर्षांहून जुनी देवळं आहेत, आणि कोरड्या दिवसांत त्यांच्या भोवतीच्या हिरवळीवर पांढरी साय धरते. विषुववृत्ताजवळ, नारळाच्या देशात!

कोरडा ऋतू म्हणजे एकसंध सहा महिने, असं मी समजत होते. तसं नाहीच मुळी. एप्रिल-मे हा ओलाव्याचा शेवट: डोंगर हिरवेगार, झरे वाहते, पण दुपारी एखादी सर गाठतेच. जून स्वच्छ. जुलै-ऑगस्ट सर्वांत कोरडे, सर्वांत थंड, वाऱ्याचे आणि गर्दीचेही. सप्टेंबर-ऑक्टोबरला गवत वाळून काडी होतं, वणवे लागतात आणि हवेत धूसरपणा येतो. मग नोव्हेंबरात पहिला गडगडाट. आणि या सगळ्यात तापमान जवळजवळ तेच! समुद्रकाठी बारा महिने तीसच्या आसपास, दिवसही बारमाही साधारण बारा तासांचा. इथे ऋतू पाण्यावरून मोजायचा, उन्हाळा-हिवाळ्यावरून नाही. हिवाळा हवा असेल तर वर चढायचं, हजार मीटरला सहाएक अंश या हिशेबानं तो मिळतो.

आणखी एक ऋतू असतो, तो चोवीस तासांत येऊन जातो. उष्ण कटिबंधातला सूर्य भराभर वर येतो, खालची दमट हवा उतारावरून चढायला लागते आणि दहा-अकरापर्यंत शिखर ढगात जातं, ऐन कोरड्या महिन्यातसुद्धा. म्हणून इथे सगळं जग रात्री चालतं. दोनला उठायचं, कपाळावर दिवा बांधायचा, तांबडं फुटताना माथा गाठायचा. आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर दुपारी चारला कोकणकड्यावर निवांत बसायची सवय. इथे दुपारी चारला बसलात तर पांढऱ्या भिंतीशी गप्पा मारायच्या.

रात्रीचा खरा चमत्कार पाहिला तो कावा इजेनवर, जावाच्या अगदी पूर्व टोकाला. विवरात उतरत गेले आणि अंधारात निळ्या ज्वाळा! गॅसच्या शेगडीसारखा निळा, पण तो भिंतीएवढा, डोंगराच्या भेगांतून वाहतोय. गंधकाची वाफ प्रचंड तापलेली बाहेर येते, हवा लागताच पेटते, आणि ती दिवसा दिसतच नाही. उजाडलं तेव्हा खाली तळं होतं, सुमारे किलोमीटरभर रुंद, फिरोज्याच्या रंगाचं, इतकं देखणं की हात घालावासा वाटावा. आणि ते पाणी म्हणजे निव्वळ आम्ल, बॅटरीतल्यासारखं तेज. वारा फिरला की गंधकाचा लोट अंगावर येतो, डोळे मिटतात, घसा जळतो. त्यातूनच गंधकवाले वर येतात. बांबूच्या काठीला दोन टोपल्या, त्यांत पिवळीधमक ढेकळं, सत्तर, ऐंशी, कधी नव्वद किलो. एक जण माझ्याजवळ विसाव्याला थांबला आणि खांदा पुसायला त्यानं शर्ट बाजूला केला. मानेच्या दोन्ही बाजूंना काठीनं घडवलेले घट्टे होते, लिंबाएवढे. पावसाळ्यात या वाटेचा साबण होतो, तरी तो उतरतो. त्याला ऋतू निवडता येत नाही. मला त्या निळ्या आगीइतकाच तो घट्टा आठवतो.

मग समुद्र ओलांडून लोंबोक, आणि रिंजानी. ३,७२६ मीटर! आपलं कळसूबाई १,६४६. दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी रिंजानी वर उरतो. सेम्बालुनच्या खोऱ्यात लसणाची आणि स्ट्रॉबेरीची शेतं, चारी बाजूंना डोंगर, हवेत लसणाचा वास. तिथून वाट निघते ती गवताळ माळावरून. सकाळचं ऊन तिरकं पडलंय, गवत कमरेएवढं, बुडाशी अजून हिरवं आणि शेंड्याला सोनेरी झालेलं, वारा आला की अख्खा डोंगर एका बाजूला झुकतो आणि परत उभा राहतो. मधूनच सुरूची झाडं. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात सूं सूं करणाऱ्या सुरूंची ही डोंगरी भावंडं, समुद्रापासून इतक्या उंचीवर, आणि आवाज तोच! डोळे मिटले तर दिवेआगर.

या माळावरून ससाक जमातीचे हमाल कावड घेऊन जातात. अगदी आपल्या शिंगणापूरच्या कावडीसारखी खांद्यावरची काठी, दोन टोकांना दोन टोपल्या. त्यांत तंबू, तांदूळ, अंडी, पातेली, अननस. पायात साध्या रबरी सपाता! आम्ही भारी बूट घालून धापा टाकतोय आणि ही मंडळी सिगारेट ओढत, गप्पा मारत, काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरवत पुढे. काठी प्रत्येक पावलाला लवते आणि वर येते. त्या लवण्याशी पाऊल जुळलं की ओझं हलकं होतं, असं त्यांनी मला सांगितलं. मी मोकळी काठी घेऊन चालून बघितलं. ताल सोपा नाही.

मुक्काम विवराच्या कडेवर, २,६३९ मीटरवर. संध्याकाळी ढग खाली बसले. अक्षरशः बसले! कोरड्या महिन्यांत वरच्या कोरड्या, उबदार हवेचं झाकण असतं, ढगांना त्याच्या वर सहजी जाता येत नाही. त्यामुळे आपण वर आणि खाली कापसाचा समुद्र, क्षितिजापर्यंत. सूर्य बुडाला तो ढगांत, आणि बुडाल्याबरोबर अंधार. इथे कातरवेळ रेंगाळत नाही. रात्री दोनला निघालो. वाट म्हणजे भुसभुशीत राख आणि खडी, दोन पावलं वर, एक पाऊल खाली. आग्नेयेचा वारा उजव्या गालावर आणि डाव्या गालावर आळीपाळीनं, वाट वळेल तसा. बोटं बधिर. वर नक्षत्रांची इतकी गर्दी की ओळखीची सापडेनात.

आणि मग पूर्व फुटते. आधी जांभळं, मग गुलाबी, मग सगळं एकदम सोनं. रिंजानीची सावली ढगांवर पडलीय, तंतोतंत त्रिकोण, पश्चिमेला बालीपर्यंत लांबलेली. त्या सावलीच्या शेजारी बालीचा आगुंग ढगांतून डोकं काढून उभा. पूर्वेला सुंबावा, आणि तिथे तांबोरा, १८१५ साली फुटला तो, ज्याच्या धुरळ्यामुळे पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेला उन्हाळाच आला नाही. पायाखाली प्रचंड विवर, त्यात चंद्रकोरीसारखं निळं तळं, सेगारा आनाक, आणि तळ्यातून वर आलेला काळा, कोवळा बारुजारी, डोंगराच्या पोटातला डोंगर.

हे विवर १२५७ साली झालं. तेव्हा रिंजानीला लागून सामालास नावाचा डोंगर होता. तो फुटला आणि कोसळला. देवगिरीवर तेव्हा यादव कृष्णदेवाचं राज्य होतं. गेल्या काही हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी हा एक. त्याचा गंधक ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडच्या बर्फात सापडतो. लोंबोकच्या ताडपत्रांवरच्या पोथ्यांत पामातान नावाचं नगर गाडलं गेल्याची हकिकत आहे. पण इतका मोठा स्फोट नेमका कोणत्या डोंगराचा, हे शास्त्रज्ञांना पक्कं सांगता आलं ते २०१३ साली. आणि महिना कसा ओळखला? राखेवरून! राख पश्चिमेकडे उडालेली आहे, म्हणजे वारा पूर्वेचा होता, म्हणजे तो कोरडा ऋतू होता, मे ते ऑक्टोबर. साडेसातशे वर्षांपूर्वीची ती राख ज्या वाऱ्यानं नेली, तोच वारा आता माझी टोपी ओढत होता. माझ्या अंगावर काटा आला, तो थंडीचा नव्हता.

डोंगराच्या पोटातलं वेळापत्रक कुठल्याच पंचांगात नसतं, हेही इथली माणसं पाहून आहेत. २९ जुलै २०१८ला, अगदी भर हंगामात, स्वच्छ आकाशाखाली भूकंप झाला, कडे ढासळले आणि शेकडो गिर्यारोहक या विवरात अडकले. सुमात्रातला मारापी ३ डिसेंबर २०२३ला अचानक फुटला आणि २४ गिर्यारोहक गेले. म्हणून इथे आकाश बघण्याआधी डोंगराचा इशारा बघतात. चार पायऱ्या आहेत त्याच्या, आणि पायरी वर चढली की वाट बंद. मध्य जावातल्या मेरापीचा माथा असाच २०१८पासून बंद आहे. निरभ्र आकाश बघून कुणी हुज्जत घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही तळ्याकाठी उतरलो. शेजारी गरम पाण्याचे झरे, आपल्या वज्रेश्वरीसारखेच गंधकाचे, आणि त्यांत मानेपर्यंत बुडालेली माणसं. नोव्हेंबरच्या सुमारास बालीचे हिंदू भाविक इथवर चालत येतात आणि या तळ्याला सोनं वाहतात, पावसासाठी. हमालांनी तळ्यातले मासे धरून तळले, पाट्यावर मिरची-टोमॅटो वाटून सांबाल केलं, केळीच्या पानावर वाफाळता भात. नाकातून पाणी येईपर्यंत जेवले. आणि तेव्हाच मी त्यांना विचारलं, सर्वांत चांगला महिना कोणता?

भांडणच सुरू झालं! कावडवाला तरुण म्हणाला, ऑगस्ट. तंबू कोरडा राहतो. भिजलेला तंबू कोरड्याच्या दीडपट जड, तो खांद्यावर घेऊन दाखवा म्हणावं. स्वयंपाक करणाऱ्यानं त्याला उडवूनच लावलं. ऑगस्ट संपता संपता वरच्या मुक्कामाचा झरा आटतो, मग भात शिजवायचं पाणी कुठून आणायचं? तेही कावडीतच ना? एप्रिल, तो म्हणाला, वाट उघडते तेव्हा. गवत खांद्याएवढं, पाणी हाताशी. आणि दुपारची सर? असं तिसऱ्यानं विचारलं. तो सर्वांत वयस्कर, इतका वेळ काटे काढत मुकाट बसलेला. जून, त्यानं बोट वर करून सांगितलं. झरे वाहतायत, तंबू कोरडा, गवत उभं. मी लगेच त्याच्या बाजूनं हात वर केला. कावडवाला हसला आणि म्हणाला, इबू, तुमचं ओझं आम्ही नेतो, तुमचं मत धरत नाही.

वाद मिटला नाही. दहा वाजून गेले होते, सेनारू गावाच्या बाजूनं ढगाची पहिली जीभ विवराच्या कडेवरून आत उतरायला लागली होती, आणि समोरच्या भिंतीवर आम्हाला अजून सहाशे मीटर चढायचं होतं. पातेली राखेनं घासून टोपलीत गेली, सपाता पायात सरकल्या, आणि आम्ही निघालो.